हिशेब गावासमोर मांडा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे विश्वस्त आणि त्यांना सीएसआर निधी देणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी यांस,



काही वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी एका संस्थेच्या कामासाठी गेले होते. अहवालाला फोटो हवा होता. पहिला हलला, म्हणून भरली घागर घेऊन घराकडे निघालेल्या मावशींना मी पुन्हा विहिरीवर जायला लावलं. त्या काही न बोलता गेल्या. फोटो छापला गेला. त्यांना तो कधी दिसला नाही. त्यांच्या वस्तीच्या नावावर किती पैसे आले, हेही कुणी त्यांना सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. ते ओझं अजून मनावर आहे.

आपल्या कामाचा इथला वारसा मोठा आहे. बारामतीच्या जिरायती भागात साठच्या दशकाच्या अखेरीस ‘कासा’ या चर्चप्रणीत संस्थेचं धान्य आणि तेल आलं. ते फुकट न वाटता पाझर तलावांच्या कामावर मजुरी म्हणून दिलं गेलं. दुष्काळातल्या माणसाला हात पसरावा लागला नाही आणि शिवारात तलाव राहिला. पुढे १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं. माणसाचा मान राखून मदत करता येते, हे या मातीनं पाहिलेलं आहे.

आज कागद चोख आहेत. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार लेखापरीक्षण होऊन हिशेब धर्मादाय कार्यालयात जातो. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले; त्याचा अहवाल कंपनीकडे जातो. पण ज्याच्या बांधालगतचा ओढा खोल केला, त्याच्या हाती एक ओळही पडत नाही. सरकारी रोजगार हमीच्या कामांना २००५ च्या कायद्यानं ग्रामसभेतलं सामाजिक अंकेक्षण लागू केलं. मग आपण स्वतःहून ग्रामसभेत का जात नाही?

रेडक्रॉस चळवळीनं १९९४ मध्ये मदतकार्याची आचारसंहिता मांडली. संस्था देणगीदाराला जितकी उत्तरदायी, तितकीच मदत घेणाऱ्यालाही, असं तिचं नववं तत्त्व सांगतं. दहावं प्रसिद्धीबद्दल आहे: आपत्तीग्रस्त हा लाचार जीव नव्हे, प्रतिष्ठा असलेला माणूस म्हणूनच दिसावा. ते वाचलं तेव्हा मला त्या मावशी आठवल्या. मानवतावादी कामाची २०१४ ची जागतिक मानकंही २०२४ मध्ये नव्यानं लिहिली गेली. आपली तत्त्वंसुद्धा एकत्र बसून पुन्हा लिहायला हवीत.

त्यात निदान एवढं असावं.

प्रत्येक कामावर देणगीदाराच्या नावाशेजारी खर्चाचा आकडा लिहावा. वर्षातून एकदा ग्रामसभेत मराठीतून जमाखर्च वाचावा. एकच बंधारा दोन संस्थांच्या अहवालांत मोजला गेला असेल, तर तो तिथेच उघड होईल.

मालेगाव, सोमेश्वर, छत्रपती या साखर कारखान्यांच्या गाळपासाठी बाहेरून येणारे ऊसतोड मजूर इथल्या ग्रामसभेचे सदस्य नसतात. त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांनी हिशेब तळावर, कोप्यांपुढे सांगावा.

फोटो, आधार क्रमांक, सातबारा मागण्याआधी तो कशासाठी हवा, हे सांगावं. ‘नको’ म्हणणाऱ्याची मदत थांबू नये.

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तिथे २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. ती नुसती कागदावर राहू नये; वस्त्यांवर एकट्या फिरणाऱ्या कार्यकर्त्या मुलींना तिच्या सदस्यांची नावं माहीत असावीत.

आणि प्रकल्प संपताना पंपाची, गाळ काढण्याची, दुरुस्तीच्या खर्चाची जबाबदारी कोण घेणार, हे गावाशी बोलून लिहून ठेवावं.

याला फार पैसा लागत नाही. लागतो तो लोकांसमोर उभं राहण्याचा धीर. दोन्ही तालुक्यांतल्या संस्थांनी एकत्र बसावं, मसुदा करावा आणि तो आधी गावांना वाचून दाखवावा. उद्या त्या मावशी ग्रामसभेत उठून विचारतील, “बाई, आमच्या नावानं आलेले पैसे कुठं गेले?” तेव्हा उत्तर द्यायला आपल्यापैकी कुणीतरी तिथे हजर असलं पाहिजे.

आपली,
गावोगाव फिरणारी एक कार्यकर्ती