वय नव्हे, मुक्काम

क्लाउस मॅकेला २०२७ पासून आम्स्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाऊ आणि शिकागो सिम्फनी या दोन्ही वाद्यवृंदांची सूत्रे एकाच वेळी हाती घेणार, असे ठरले आहे. जन्म १९९६ चा. म्हणून टीकाकार वयावर बोट ठेवतात, भक्त ‘दैवी प्रतिभे’वर. दोन्ही पक्ष चुकतात.

हेलसिंकीत तो बाराव्या वर्षापासून योर्मा पानुला यांच्याकडे शिकला. पानुलांचा विद्यार्थी आरशासमोर हातवारे करत नाही. तो प्रत्यक्ष वादकांसमोर उभा राहतो आणि मागाहून स्वतःचे चित्रीकरण पाहतो. शिवाय मॅकेला स्वतः चेलोवादक. यात दैव कुठे आले? ही निव्वळ तालीम आहे, आणि चोख आहे.

खरा प्रश्न पुढचा. सायमन रॅटलही १९८० मध्ये पंचविशीतच बर्मिंगहॅमला गेला. पण तिथे १८ वर्षे राहिला. त्याने वाद्यवृंद घडवला, वाद्यवृंदाने त्याला. बर्लिन नंतर आले. मॅकेलाने २०२० मध्ये ऑस्लो घेतले, लगेच २०२१ मध्ये पॅरिस. आता शिकागोच्या वाट्याला वर्षाचे किमान १४ आठवडे, त्यांतले चार दौऱ्यावरचे! एवढ्या सहवासात शंभर वादकांचा एक नाद कसा घडतो, हे त्याला नेमणाऱ्या मंडळांनीच सांगावे.