आकाशातील कुंपणे

हेलसिंकी आणि टोकियो या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. हा आकडा बदलण्याचे कारण नाही. तरीही एका पिढीच्या हयातीत हा विमानप्रवास आधी तेरा तासांचा, मग साडेनऊ-दहा तासांचा आणि २०२२ मध्ये पुन्हा तेरा तासांचा झाला. विमानांचा वेग घटला नव्हता. बदलले होते ते सत्ताधाऱ्यांचे परस्परसंबंध.

१९८३ साली फिनएअर कंपनीने या दोन शहरांमध्ये वाटेत न थांबणारी सेवा सुरू केली. फिनलंड तटस्थ देश. तरी त्याच्या विमानाला सायबेरियावरून जाण्याची मुभा नव्हती. ते उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जाई. पुढे शीतयुद्ध ओसरले, सायबेरियाची वाट खुली झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले, रशियाने त्यांच्या विमानांना आपले. आणि फिनलंडची विमाने पुन्हा ध्रुवाच्या वाटेला लागली. चिनी विमाने मात्र सायबेरियावरून जातच राहिली. अंतर ठरले ते विमान कोणत्या देशाचे यावरून.

१९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम प्रत्येक राष्ट्राला आपल्या आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व देते. त्याची गरज कोणी नाकारणार नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले, २६९ माणसे मेली. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर २९८ माणसे मेली. खाली लढाई पेटलेली असताना उंचावरील मार्ग खुला ठेवला गेला होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनने नागरी विमानांना आपले आकाश बंद केले, ते प्रवाशांच्या जिवासाठी. तसे करणे कर्तव्यच होते. परंतु जिवाच्या रक्षणासाठी दार लावणे वेगळे आणि शेजाऱ्याला अद्दल घडवण्यासाठी वाट अडवणे वेगळे.

आक्रमकाला शस्त्राविना शासन करण्याचा दुसरा मार्ग कोणता, असा प्रश्न विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे. आक्रमकाच्या विमानांना बंदी घालण्याचे समर्थन करता येते. पण जो देश नुसता वाटसरू आहे, त्याची वाट अडवण्याचे समर्थन होत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून आखाताकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. त्या विमानांत पोटासाठी परदेशी जाणारे कामगारही होते. जादा इंधन, जादा तास आणि वाढीव धूर यांचा भार सरकारांच्या नव्हे, सामान्यांच्या माथी पडतो.

परक्या विमानांना न उतरता आकाशातून जाऊ देण्याचा स्वतंत्र करारही १९४४ सालीच झाला आहे. रशिया त्यात नाही. भारत आणि पाकिस्तान आहेत, तरी २०२५ टळले नाही. म्हणजे केवळ सही पुरेशी नाही. आकाश बंद करणाऱ्या राष्ट्राने सुरक्षेचे कारण आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर सिद्ध करावे आणि ते सिद्ध न झाल्यास वाट खुली करावी, असा दंडक हवा. समुद्रावरची वाट सर्वांची, हे जगाने मान्य केले आहे. तोच न्याय आकाशाला लावण्याची मागणी लोकांनीच करावयास हवी. कुंपण घालणारे ती करणार नाहीत.