रान कोणाचें व राखावें कोणीं?

वनें राखलीं पाहिजेत, वृक्ष लावले पाहिजेत, पशुपक्ष्यांस अभय दिलें पाहिजे, हा उपदेश आजकाल जिकडे तिकडे ऐकूं येतो. शाळांतून त्यावर निबंध लिहविले जातात, भिंतींवर चित्रें लागतात आणि पावसाळ्याच्या आरंभीं वृक्षारोपणाचे समारंभही मोठ्या थाटानें होतात. हें सर्व इष्टच आहे. परंतु एक प्रश्न ह्या गडबडींत बहुधा विचारावयाचा राहून जातो. तो असा कीं, ज्या रानाचें रक्षण करावयाचें त्यांत राहणाऱ्या माणसांचें काय? रानांत वाघ व झरे आहेत, तशी मोहाचीं फुलें वेंचणारी बाई आहे, गुरें चारणारा मुलगा आहे, मध काढणारा म्हातारा आहे. ह्यांस वगळून केलेला रानाचा विचार अन्यायाचा तर होतोच, पण अखेरीस तो रानालाही घातक ठरतो, असें माझें मत आहे. तें कां, हें पुढें सांगतों.

रान राखण्याची विद्या आपल्या पूर्वजांस अवगत नव्हती असें कोणीं समजूं नये. कोंकणांत व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ठिकठिकाणीं देवराया आहेत. देवाच्या नांवानें सोडलेल्या ह्या रानांत कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, कित्येक ठिकाणीं तर पडलेलें वाळकें लांकूडही घरीं न्यावयाचें नाहीं, असा दंडक असे. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ह्या देवरायांचा शास्त्रीय दृष्टीनें अभ्यास केला. आसपासचे डोंगर उघडे पडले असतांही ह्या लहानशा तुकड्यांत जुनें, दाट वन टिकून राहिलें होतें. तेथें पगारी पहारेकरी नव्हता, तारेचें कुंपण नव्हतें. गांवानें एकमुखानें मानलेला नियम हाच तेथील पहारा. पुढें रस्ते झाले, लांकडास भाव आला, गांवाचा धाक सैल पडला, तेव्हां त्यांतील कित्येक देवराया तुटल्या, हेंही खरें आहे. आणि त्यावरूनही हेंच दिसतें कीं, रानाचा खरा आधार त्याच्याभोंवतीं नांदणारा समाज होता.

इंग्रजी अमदानींत हा संबंध पालटला. रेल्वेच्या रुळांखालीं घालण्यास व इतर सरकारी कामांस लांकूड हवें होतें. १८७८ च्या जंगल कायद्यानें विस्तीर्ण रानें 'राखीव' ठरविलीं. चराई, सरपण, फळें, डिंक ह्यांवरील गांवकऱ्यांचे पिढीजात हक्क गेले आणि त्यांच्या जागीं सवलती आल्या. सवलत म्हणजे जी देणाऱ्याच्या मर्जीनें मिळते व त्याच्याच मर्जीनें जाते. महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालीं पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत जंगलखात्याविरुद्ध गरीब शेतकऱ्याचें हें गाऱ्हाणें मांडलें आहे. १९३० सालीं तर ह्या असंतोषास जंगल सत्याग्रहाचें रूप आलें. पुसद येथें बापूजी अणे ह्यांनीं गवत कापून कायदा मोडला. बिळाशीचे गांवकरी उठले. आणि २५ सप्टेंबर १९३० रोजीं कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या रायगडांतील, चिरनेर येथें गोळीबार होऊन माणसें प्राणांस मुकलीं. मूठभर गवतासाठीं एवढा प्रसंग कां ओढवावा, असें शहरांतील मनुष्यास वाटेल. परंतु ज्याच्या गोठ्यांतील बैल त्या गवतावर जगतो, त्याला तें गवत मूठभर नसतें.

ह्या पालटाचा परिणाम केवळ माणसांवर झाला नाहीं. जें आपलें आहे तें मनुष्य उद्यांसाठीं राखून ठेवतो. जें परक्याचें झालें, तें आपण आज न घेतलें तर दुसरा कोणी नेईल, ह्या भीतीनें तो आजच घेतो. गांवकऱ्यास रानांत चोर ठरविल्यावर त्यानें रानाचा राखणदार व्हावें ही अपेक्षा व्यर्थ होय. शिवाय हजारों एकर रानावर दोनचार पहारेकऱ्यांची नजर कितीशी पुरणार? वणवा लागला असतां प्रथम धांव घेणारे हात गांवचेच असावयाचे, आणि तेच हात रागानें बांधलेले राहिले तर रान जळावयाचेंच.

ह्याच्या उलट स्थिति कशी असूं शकते, हें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गोंड गांवानें दाखविलें आहे. 'दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार,' ही त्या गांवाची घोषणा प्रसिद्धच आहे. तेथील ग्रामसभेंत बहुमतानें निर्णय होत नाहीं. सर्वांची संमति होईपर्यंत चर्चा चालते. कोणताही प्रश्न आला कीं आधीं अभ्यास, मग निर्णय, अशी रीत देवाजी तोफा ह्यांच्यासारख्या गांवकऱ्यांनीं व त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल ह्यांनीं तेथें रुजविली. २००६ सालीं केंद्र सरकारनें वनहक्क कायदा केला. वनवासी लोकांवर पूर्वीं ऐतिहासिक अन्याय झाला, हें त्या कायद्यानें आरंभींच कबूल केलें आहे. त्या कायद्यान्वयें २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला; असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना होते. तरीही बांबू विकण्याचा अधिकार लगेच हातीं आला नाहीं, कारण वाहतुकीचा परवाना खात्याकडेच होता. अखेर एप्रिल २०११ मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गांवीं गेले, तेव्हां त्या परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. आपल्या रानांतील बांबू आपण विकावा, त्याचा पैसा गांवाच्या हिशेबीं जमा व्हावा, आणि पुढील वर्षींही बांबू मिळावा म्हणून तोडीवर आपणच बंधन घालावें, हें तेथें शक्य झालें. ज्यास उद्यांचा वांटा निश्चित मिळणार, तोच आज हात आखडता घेतो. मेंढ्याचा धडा हाच आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, सर्वच गांवें मेंढ्यासारखीं नसतात. आक्षेप योग्य आहे. गांवांतही लोभी माणसें असतात, धनिकांचें वजन चालतें, बायकांचें म्हणणें दबून जातें. वाघासारख्या प्राण्यास निवांत जागा हवी, हेंही नाकारतां येत नाहीं. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्यांत मेळघाटाचा आरंभापासून समावेश आहे, आणि पुढें तेथील कोरकू लोकांचीं कित्येक गांवें बाहेर हलविण्यांत आलीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, हलविण्यापूर्वीं त्यांस विचारिलें पाहिजे, आणि त्यांनीं नको म्हटल्यास तें ऐकिलें पाहिजे. वन्यप्राण्यांसाठीं गांव हलवावयाचें तर ग्रामसभेची लेखी संमति हवी, असें २००६ च्या कायद्यांतच लिहिलें आहे. लिहिलेलें पाळलें गेलें तरी पुष्कळ झालें.

आतां पालकांनीं मनाशीं विचार करावा अशी एक गोष्ट सांगतों. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तानसा, भातसा, वैतरणा ह्या जलाशयांभोंवतीं ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुका पसरला आहे. तानसेचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून नळाची तोटी फिरविली कीं मुंबईकराच्या घागरींत डोंगरांतलें पाणी पडतें. आणि त्याच डोंगरांतील कित्येक पाड्यांवरच्या बायकांस उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत उभें राहावें लागतें. रान राखल्याचें फळ शहरास आणि त्याचा भार पाड्यास, अशी ही वांटणी आहे. पाणलोटाचें रान राखा, हें पाड्यावरील लोकांस सांगण्याचा अधिकार आपणांस केव्हां येईल? त्या पाण्याचा पहिला हंडा त्यांच्या घरीं पोंचेल तेव्हां, त्यापूर्वीं नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं झाडें अवश्य लावा. परंतु सहलीस एखाद्या अभयारण्यांत जाल तेव्हां वाटाड्यास वाघाबरोबरच हेंही विचारा कीं, येथें पूर्वीं कोणतीं गांवें होतीं, तीं आतां कोठें आहेत, आणि ह्या तिकिटाच्या पैशांतील कांहीं त्यांच्याकडे जातें काय? उद्यां तुमच्यांपैकीं कोणी वनाधिकारी होईल, कोणी अभियंता, कोणी वकील. रानाचे नकाशे तुमच्या मेजावर येतील. त्या नकाशावर हिरवा रंग देतांना त्याखालीं कोणाचें घर आहे, हें आधीं पाहून घ्या.