हातांनाही शिकू द्या



आठवी-नववीत आलात, की घरी येणारा प्रत्येक पाहुणा तुम्हांला विचारतो, "मग, पुढे कोण होणार?" उत्तरही बहुधा ठरलेले असते: डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर मोठा अधिकारी. पण यांपैकी कोणत्याही कामाचा लहानसा तुकडा तरी तुम्ही स्वतःच्या हातांनी करून पाहिला आहे काय? पदार्थ न चाखताच तो आवडतो असे सांगण्यासारखेच हे आहे!

दहावीच्या वर्षी एखादे व्याख्यान ठेवले, अभ्यासक्रमांचा तक्ता भिंतीवर लावला, की व्यवसाय-मार्गदर्शन संपले, असे पुष्कळ शाळांना वाटते. मला ते पुरेसे वाटत नाही. याहून चांगली वाट महाराष्ट्रातच दाखवली गेली आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईतील एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातील पाबळ या कमी पावसाच्या गावी गेले. १९८३ मध्ये त्यांनी तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा कार्यक्रम उभा राहिला. आठवड्यातील एक दिवस हाताने काम करायचे. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य. मुलगे असोत वा मुली, चारही विभाग सर्वांना. शिकवायला गावातलेच कारागीर, आणि कामेही गावाच्या खऱ्या गरजेची. १९८७ मध्ये माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली.

यातून विज्ञान कसे शिकता येते, पाहा. समजा, तुम्हांला काँक्रीटची एक लादी ओतायची आहे. एक घमेले सिमेंट, दोन घमेली वाळू, चार घमेली खडी. गणितातले गुणोत्तर येथे घमेल्यात मोजले जाते. कालवणे सोपे जावे म्हणून जास्त पाणी ओतण्याचा मोह होतो. पण ते जादा पाणी पुढे उडून जाते, मागे बारीक छिद्रे राहतात आणि लादी कच्ची होते. शिवाय सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते. म्हणून तर गवंडी ओतलेल्या कामावर कित्येक दिवस पाणी मारतो. हा धडा पाठ करावा लागत नाही. स्वतःची लादी तडकली, की तो जन्मभर विसरत नाही.

"असले विषय अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी असतात," असे कोणी म्हणेल. ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. हुशार मुलांनी पुस्तके वाचावीत आणि उरलेल्यांनी हत्यारे उचलावीत, अशी वाटणी केली, की विज्ञानाचेही नुकसान होते आणि कामाचेही. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. गरिबाच्या मुलाला लहानपणीच एका धंद्याला जुंपले, तर त्याच्या पुढच्या वाटा बंद होतील. हे खरेच आहे. म्हणूनच असा कार्यक्रम एका धंद्याचा नसावा, सर्वांसाठी असावा आणि त्याने गणित-विज्ञानाची जागा घेऊ नये.

हा विचार नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. पण कितीतरी शाळांत कार्यानुभव म्हणजे कागदी फुले आणि रंगवलेली वही एवढेच उरले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे असे सुचवले आहे. सुरुवात म्हणून ते ठीक; पण दहा दिवसांत नुसती ओळख होते, हात बसत नाही.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा आजची कित्येक यंत्रे जुनी झालेली असतील. पण अचूक मोजणे, खर्चाचा अंदाज बांधणे, चूक शोधून पुन्हा करून पाहणे, या सवयी जुन्या होणार नाहीत.

तोपर्यंत शाळेची वाट का पाहायची? येत्या सुट्टीत घरच्यांना सांगून सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे किंवा गवंडीदादांकडे दोन दिवस जा. पाहा, विचारा, हात लावा. मग पाहुण्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर द्या. ते कदाचित वेगळे असेल आणि नक्कीच तुमचे स्वतःचे असेल.