सुकटीचा डबा उघडताना मान खाली कशाला?

हल्ली मोबाईलवर एक पदार्थ फार दिसतो. उकडलेला पास्ता, त्यात कोळंबी, काकडी, मेयोनीज, आणि सगळं फ्रीजमध्ये गार करून खायचं. वस्तीतल्या मुली आम्हाला विचारतात, "ताई, हे खरंच तब्येतीला चांगलं का?" पदार्थ वाईट नाही. पण कुपवाडपासून समुद्र लांब. ताजी कोळंबी बर्फातून येते, महाग पडते. सकाळी भरलेला डबा एमआयडीसीत दुपारी उघडतो. उन्हाळ्यात तोवर शिजलेली कोळंबी आणि मेयोनीज खराब होतं. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमुळे विषबाधा होऊ लागली म्हणून तेलंगणा सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती.

गार खायची मासळी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिला आपण सुकट म्हणतो. तिला ना बर्फ लागतो, ना फ्रीज. सुक्या जवळ्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. मूठभर, म्हणजे 20 ग्रॅम सुकटीत साधारण दोन अंड्यांइतकी. सालासकट खातो म्हणून कॅल्शियमही मिळतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. लोहाच्या गोळ्या चुकवू नका, पण ताटातही काहीतरी पडायला हवं. सोबत लिंबू पिळा आणि चहा तासाभराने घ्या, म्हणजे लोह अंगी लागतं.

मग सुकट डब्यातून गेली कुठे? वास येतो, असं सांगतात. खरं कारण आपल्याला ठाऊक आहे. वासावरून डबा कोणाचा, कुठल्या वस्तीतला, हे शेजारी ओळखतो. म्हणून पोरी गुपचूप बटाटा नेतात. कोळंबी मेयोनीजमध्ये घातली की 'हेल्दी', आणि तिच्याच कुळातला जवळा सुकवला की नाकाला पदर! शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलित चुलीची नोंद पुस्तकात आणली. आपण निदान डबा तरी झाकून खाऊ नये.

सुकट चाळून, निवडून कोरडी भाजा, कुरकुरीत होऊ द्या आणि गार करून वेगळ्या डबीत भरा. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू जेवताना मिसळायचं. आधी मिसळलं तर पाणी सुटतं. सोबत भाकरी. मुलं मॅकरोनीचा हट्ट धरतात, तर रव्याची उकडून त्यातच घाला, आमची ना नाही. मीठ मात्र चाखून टाका. बीपी असलेल्यांनी खारा मासा टाळावा. कोळंबीने अंगावर गांधी उठतात त्यांनी सुकटही खाऊ नये. ओलसर, बुरशी धरलेली किंवा डोळ्यांना झोंबणारा वास येणारी सुकट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. पावसाळ्यासाठी घेतलेली हवाबंद डब्यात ठेवा, आणि उघडीप मिळाली की तिला ऊन दाखवा.