भाडे की घरखर्च? दिव्यांग अपत्य आणि प्राप्तिकर

दिव्यांग मूल सज्ञान झाले, नोकरीला लागले आणि दरमहा काही रक्कम आई-वडिलांच्या हाती ठेवू लागले, की घरात समाधान असते. मात्र त्या रकमेला 'भाडे' म्हणायचे की 'घरखर्च', यावर तिची करआकारणी ठरते. नाव बदलले की कर बदलतो, याची जाणीव अनेक कुटुंबांना विवरणपत्र भरतानाच होते.

मोहोळमधील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. वडील निवृत्त, घर त्यांच्या नावावर. मुलाला ४५ टक्के अस्थिव्यंग असून तो सोलापुरात लिपिक आहे व रोज ये-जा करतो. त्याचे मूळ वेतन महागाई भत्त्यासह ३० हजार रुपये असून घरभाडे भत्ताही मिळतो. तो वडिलांना दरमहा ४ हजार रुपये देतो. ही रक्कम घरखर्चासाठी दिली, तर वडिलांवर कर नाही. कारण मुलाकडून मिळालेली रक्कम नातेवाइकांकडील भेट म्हणून करमुक्त असते. तीच भाडे म्हणून दिली, तर ते वडिलांचे घरमिळकतीचे उत्पन्न ठरते. वर्षाच्या ४८ हजारांतून ३० टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर, भरलेली घरपट्टी हिशेबात न धरता, ३३ हजार ६०० रुपये त्यांच्या करपात्र उत्पन्नात मिळतात.

मुलाच्या पदरी काय पडते? जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याच्या सवलतीची एक मर्यादा, दिलेल्या भाड्यातून वेतनाचा दहावा भाग वजा करून काढली जाते. म्हणजे ४ हजारांतून ३ हजार गेले. उरले महिना १ हजार, वर्षाला १२ हजार. अर्थात मुलाला १२ हजारांची सवलत आणि वडिलांच्या उत्पन्नात ३३ हजार ६०० रुपयांची भर! वडिलांचे एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल, तरच हा व्यवहार फायद्याचा. नव्या करप्रणालीत तर घरभाडे भत्त्याची सवलतच नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा अवलंबित्वाचा आहे. १९६१च्या कायद्यातील कलम ८०डीडीनुसार दिव्यांग अपत्याच्या उपचार, संगोपन व पुनर्वसनावर खर्च करणाऱ्या पालकाला ७५ हजार रुपयांची, तर ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळे. अट अशी, की अपत्य पूर्णतः वा मुख्यत्वे पालकावर अवलंबून असावे. कलम ८०यूनुसार हीच वजावट दिव्यांग व्यक्ती स्वतः घेऊ शकते. मात्र तिने ती घेतली, तर पालकाची जाते. भाडे भरणारा मुलगा 'मुख्यत्वे अवलंबून' आहे, हे पालकाने कसे पटवावे? कमावत्या मुलाने स्वतःच वजावट घेणे, हाच सरळ मार्ग. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, या वजावटींचा गाभा मात्र तोच राहिला.

तथापि या दोन्ही वजावटी केवळ जुन्या प्रणालीत आहेत आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर लागत नसल्याने मोहोळमधील बहुतेक कुटुंबांना याची झळ बसणार नाही. त्यापुढील उत्पन्नाच्या पालकाला मात्र कमी दर हवेत की दिव्यांगत्वाची वजावट, याची निवड करावी लागते.

परदेशांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अमेरिकेत गरजू दिव्यांगांना मिळणारे सरकारी साहाय्य, निवाऱ्याचा वाटा न उचलल्यास कमी होऊ शकते. म्हणून तेथील पालक मुलाकडून भाडे घेतात. ब्रिटनमध्ये राहत्या घरातील सुसज्ज खोलीचे वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतचे भाडे करमुक्त आहे. आपल्याकडे अशी खास तरतूद नाही.

ज्यांना भाड्याचाच मार्ग घ्यायचा आहे, त्यांनी कागदपत्रे चोख ठेवावीत. आईला रोखीने भाडे दिल्याचा एका करदात्याचा दावा मुंबईच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये पुराव्याअभावी फेटाळला होता. नात्यात भाडे घेणे गैर नाही. परंतु करारपत्र, बँकेतून दिलेली रक्कम आणि पालकाच्या विवरणपत्रात त्या उत्पन्नाची नोंद आवश्यक ठरते. महाराष्ट्रात 'लीव्ह अँड लायसन्स' करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे.

अपत्य बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग असेल, तर गुंता आणखी वाढतो. करार समजून घेण्याची क्षमता नसल्यास त्याची सही ग्राह्य धरली जात नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हास्तरीय समिती पालकत्व देते. पण पालक तेच आई-वडील असले, तर घरमालकही तेच आणि भाडेकरूच्या वतीने सही करणारेही तेच! अशा भाड्याला कागदावर अर्थ उरत नाही.

तात्पर्य, बहुसंख्य घरांसाठी 'घरखर्च' हाच सोपा व सुरक्षित पर्याय आहे. पण कायद्याची दिशाही येथे दिसते. दिव्यांग अपत्य अवलंबून असेल, तर जुन्या प्रणालीत पालकाला सवलत आहे. ते कमावू लागून घराला हातभार लावते, तेव्हा पालकाची ती सवलत धोक्यात येते. स्वावलंबन हे धोरणाचे उद्दिष्ट असेल, तर अशा अपत्याने राहत्या घरासाठी दिलेले माफक भाडे पालकाच्या हाती करमुक्त ठेवण्याचा विचार व्हायला हवा. त्यातून तिजोरीचे फारसे बिघडणार नाही.