क्लिकचे पैसे कोण कोणाला देतो?

नागपुरात आपल्या वस्त्यांतली मुले आता वेबसाईट काढतात. कोणी स्पर्धा परीक्षेच्या नोट्स टाकतो, कोणी पाककृती. जाहिरातीतून पैसे येतील असे ती घरी सांगतात. येतातही, पण हिशेब आई-वडिलांनी समजून घ्यावा.

गुगलची अ‍ॅडसेन्स योजना २००३ सालची. मराठी मजकुराला तिचे दार उघडले ते २०१८ मध्ये! पूर्वी वाचकाने जाहिरातीवर क्लिक केले की पैसे मिळत. २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर मोजतात. खाते उघडायला एक पैसाही लागत नाही. मात्र वय १८ पूर्ण हवे. कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता तपासण्यासाठी पोस्टाने पत्र येते, म्हणून पोस्टमनला घर सापडेल असाच पत्ता लिहावा. १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम हाती पडत नाही, आणि नव्या वेबसाईटला तेवढे जमायला महिनोन्‌महिने लागू शकतात. घाई करून स्वतःच क्लिक केले, मामा-मावशीकडून करवले, तर खाते बंद होते.

नोएडाच्या 'सोशल ट्रेड'मध्ये गंगा उलटी होती. आधी ५७,५०० रुपयांपर्यंत भरा, मग घरबसल्या क्लिकला ५ रुपये घ्या! २०१७ साली पोलिसांनी ती योजना बंद पाडली. आकडा सुमारे ३,७०० कोटींचा. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे नव्या सभासदाचे पैसे जुन्याला वाटले जात होते. लाखो माणसे त्यात होती.

असे काही घेऊन ओळखीचा माणूस दारी आला, तर भिशीच्या पैशाला हात लावण्याआधी विचारावे : जाहिरात देणारा दुकानदार कोण?